खजिन्याच्या डब्यामागे चार मैल

‘रोज चालत जा’ हे वाक्य मी दवाखान्यात दिवसातून निदान वीस वेळा उच्चारतो. त्यातले पाच-सहा रुग्ण दुसऱ्या दिवशी सकाळी खरोखरच बाहेर पडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांतला एखाद-दुसरा उरतो. बाकीचे का थांबले म्हणून विचारावे, तर कोणी गुडघ्याचे नाव सांगतो, कोणी कुत्र्यांचे, कोणी पावसाचे. बाजारपेठेत किराणा दुकान असलेल्या माझ्या एका रुग्णाने मात्र खरे कारण सांगितले. “डॉक्टर, रोज त्याच नाक्यापर्यंत जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. घाण्याच्या बैलालासुद्धा कंटाळा येत असेल, फक्त तो बोलत नाही.”

या गृहस्थांना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. चालणे सुटले, साखर हळूहळू चढत गेली, पायाची संवेदना कमी होत गेली, आणि एका पावसाळ्यात डाव्या पायाला चप्पल चावून झालेला फोड त्यांना चार दिवस कळलाच नाही. करंगळी काढावी लागली. कंटाळा हा शब्द वैद्यकाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात रोगांच्या यादीत सापडणार नाही; पण त्याने गमावलेली बोटे आणि पावले मी पाहिली आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हा चालण्याचा कंटाळा कसा घालवावा हा प्रश्न तितकासा किरकोळ नाही.

या प्रश्नाचे एक गमतीदार उत्तर मला इंग्लंडात पाहायला मिळाले. मुलगी तिकडे असते. तिच्याकडे गेलो असताना दहा वर्षांच्या नातवाने मला लडलो नावाच्या जुन्या बाजारगावात ‘खजिना’ शोधायला नेले. या खेळाचे नाव जिओकॅशिंग. नाव परदेशी असले तरी खेळ आपल्या ओळखीचा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात चिठ्ठ्यांवरून पुढची चिठ्ठी शोधत जाण्याचा खेळ आपणही खेळलो आहोत. फरक इतकाच की इथे लपवणारा कोण ते आपल्याला माहीत नसते, आणि शोधणारा अख्ख्या जगातला कोणीही असू शकतो.

खेळाची पद्धत अशी. कोणीतरी एक डबा घट्ट झाकण लावून एखाद्या सार्वजनिक जागी, जागेच्या मालकाची परवानगी घेऊन लपवतो. डब्यात एक छोटी नोंदवही आणि मुलांसाठी चार किरकोळ वस्तू असतात. मग त्या जागेचे अक्षांश-रेखांश संगणकाच्या जाळ्यावर सर्वांसाठी जाहीर केले जातात. शोधणाऱ्याने मोबाइलवरील जीपीएसच्या मदतीने तिथे पोहोचायचे, डबा हुडकायचा, वहीत नाव व तारीख लिहायची, हवी तर एक वस्तू घ्यायची आणि तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची, आणि डबा होता तसा परत लपवायचा. डबा कधी जेवणाच्या डब्याएवढा असतो, कधी जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढा, तर कधी बोटाच्या पेराहूनही लहान. प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात. पहिला शोधणे किती अवघड आहे याचा, दुसरा वाट किती बिकट आहे याचा. दोन्ही १ ते ५. डॉक्टर म्हणून मला हा दुसरा आकडा फार आवडला. गुडघेदुखीच्या माणसाने बिकटपणा ३ असलेल्या डब्याच्या वाटेला जाऊ नये, हे आधीच छापून ठेवलेले! आपल्याकडे देवस्थानांच्या पाट्यांवर ‘पायऱ्या इतक्या’ असे लिहिले तर किती आज्यांचे गुडघे वाचतील.

हा खेळ सुरू कसा झाला तेही सांगतो. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांतल्या किमान चारांचे संदेश हातातल्या यंत्रापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, यावरून आपण कुठे आहोत ते यंत्र ठरवते. ही व्यवस्था अमेरिकेच्या लष्कराची. सामान्य माणसाला मिळणाऱ्या संदेशात ते मुद्दाम चूक मिसळत, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २०००च्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ बंद झाली, आणि एका रात्रीत अंदाज दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल, काही पुस्तके आणि चक्क शिजवलेल्या शेंगदाण्यांचा डबा होता (घेवड्याच्या जातीच्या, आपल्या भुईमुगाच्या नव्हे). आता खाद्यपदार्थ ठेवायला बंदी आहे, कारण खजिना माणसांआधी जनावरांना सापडतो. आज जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे लपलेले आहेत. आपल्या देशातही तुरळक आहेत. इंग्रज मात्र याचे फारसे कौतुक करत नाहीत. त्यांच्या डार्टमूरच्या माळावर १८५४ साली एका वाटाड्याने दूरच्या पाणथळीजवळ बाटली ठेवली होती आणि तिथवर चालत येणारे तीत आपले नाव टाकून जात. म्हणजे उपग्रह नवे, हौस जुनी.

आता लडलोकडे वळतो. श्रॉपशायर परगण्यात, टीम नदीच्या वळणात, टेकडीवर वसलेले हे गाव. वस्ती दहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या तालुक्याच्या गावाएवढी. टेकडीच्या एका टोकाला किल्ला, किल्ल्यासमोर बाजाराचे पटांगण, तिथून खाली नदीकडे उतरणारे रुंद रस्ते. लोकरीच्या व्यापारावर गाव श्रीमंत झाले, पुढे हातमोजे शिवण्यावर जगले. पटांगणात आजही आठवड्यातले चार दिवस उघड्यावर बाजार भरतो. मी गेलो तो दिवस बाजाराचा होता, आणि भाजीवालीचे गिऱ्हाइकाशी चाललेले बोलणे पाहून मला घरची आठवण आली. फक्त घासाघीस नव्हती.

आमचा खजिना एका टप्प्यात मिळणारा नव्हता. आधी गावात सात-आठ ठिकाणी जायचे, तिथल्या पाटीवरचा एखादा आकडा टिपायचा किंवा काहीतरी मोजायचे, आणि ते आकडे कोड्यात भरून शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश काढायचे. त्यामुळे नातवाचा फोन बराच वेळ खिशातच राहिला. लोण्याचा बाजार जिथे भरे ती अठराव्या शतकातली कमानींची इमारत, बैलांच्या बाजारावरून नाव पडलेला चौक, १६१९ सालचे नक्षीदार लाकडी घर (आता तिथे हॉटेल आहे), सेंट लॉरेन्सचे प्रचंड चर्च, मग उतारावरची वेस. गावाला पूर्वी सात वेशी होत्या. त्यांतली ही एकच मोठी वेस उभी आहे आणि तिच्या डोक्यावर लोक घर करून राहतात.

किल्ल्यापाशी मी नातवाला बराच वेळ थांबवून ठेवले. कारण दोन. एक म्हणजे आठव्या हेन्रीचा थोरला भाऊ, युवराज आर्थर, १५०२ साली पंधरा वर्षांचा असताना इथेच वारला. त्या काळी इंग्लंडात ‘घामाचा रोग’ म्हणून एक साथ येत असे. सकाळी धडधाकट असलेला माणूस घामाने डबडबून संध्याकाळपर्यंत मरायचा. १४८५ ते १५५१ या काळात ती पाच वेळा आली आणि मग कायमची नाहीशी झाली. तिचे जंतू कोणते, हे वैद्यकाला अजून ठरवता आलेले नाही. आर्थर त्याच रोगाने गेला असे काहींचे मत आहे, पण इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. थोरला गेला म्हणून धाकटा राजा झाला, आणि त्याने पुढे काय काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. एका तापाने एका देशाचा इतिहास फिरवला.

दुसरे कारण आपल्या जवळचे. हा किल्ला १८११ साली सरकारकडून विकत घेतला तो रॉबर्ट क्लाइव्हच्या मुलाने, मद्रासचा गव्हर्नर राहिलेल्या एडवर्डने. रॉबर्ट क्लाइव्ह स्वतः याच श्रॉपशायरचा. प्लासीच्या लढाईसाठी तो प्रसिद्ध आहे, पण त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेणाऱ्या इंग्रजी फौजेत जमिनीवरच्या पलटणीचा म्होरक्या तोच होता. विजयदुर्गाच्या तटावर लहानपणी हुंदडलेला मी लडलोच्या तटाखाली उभा होतो, आणि नातू विचारत होता, “आजोबा, खिडक्या मोजल्या का?”

शेवटचा डबा कुठे होता ते सांगत नाही. तो खेळाचा शिष्टाचार आहे. डब्यात एक शिट्टी, दोन गोट्या आणि वही होती. नातवाने शिट्टी घेतली आणि आपली एक छोटी मोटार ठेवली. फोनने दाखवले की आम्ही साडेसहा किलोमीटर चाललो होतो, त्यात नदीवरून टेकडीपर्यंतचा चढ दोनदा. वाटेत एकदाही ‘अजून किती’ असे कोणी विचारले नाही. माझ्या दृष्टीने खजिना हाच.

आता यात आरोग्याचा भाग किती आणि हौसेचा किती, ते पाहू. चालताना मांडीचे आणि पोटरीचे मोठे स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता आत ओढून घेतात. म्हणून जेवणानंतरचे पंधरा-वीस मिनिटांचे संथ चालणेही मधुमेहींना उपयोगी पडते. हृदयाचे म्हणाल तर लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवून दिले की दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिन्यावरून वर-खाली करत तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरला हृदयविकाराचा त्रास कमी होतो. कंडक्टर काही व्यायाम म्हणून जिने चढत नव्हता. त्याचे लक्ष तिकिटांवर होते. डबा शोधणाऱ्याचेही तसेच होते.

बरेच जण विचारतात, असे थांबत थांबत चालणे धरायचे का? पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी चालणे हिशेबात घेत नसत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या शिफारशींत ही अट काढून टाकली. प्रौढ माणसाने आठवड्याला मध्यम गतीचे १५० ते ३०० मिनिटे श्रम करावेत, ते तुकड्यातुकड्याने झाले तरी चालतील. मध्यम गती म्हणजे बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, अशी. आणि रोज दहा हजार पावलांचा जो मंत्र सगळे जपतात तो कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास एका जपानी कंपनीने पावले मोजण्याचे यंत्र विकायला काढले, त्याच्या नावातच ‘दहा हजार पावले’ असे होते. आकडा वाटोळा होता, म्हणून टिकला. पाच हजार झाली म्हणून खट्टू होऊन घरी बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

साठीच्या पुढच्या मंडळींसाठी या खेळात आणखी एक गोष्ट आहे. ओबडधोबड फरशीवरून जाणे, वाकणे, मान वर करून पाटी वाचणे, पायरीवर एका पायावर क्षणभर तोल सांभाळणे, हे सपाट मैदानावर गोल फेऱ्या मारताना घडत नाही. वृद्धांनी आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद यांचा सराव करावा असे त्याच शिफारशी सांगतात, कारण म्हातारपणी खुब्याचे हाड मोडणे म्हणजे पुष्कळदा अंथरूण धरणे.

मेंदूबद्दल मात्र मी सावधपणे लिहितो. वाटा लक्षात ठेवण्याचे काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. ‘आपण कुठे आहोत’ हे ओळखणाऱ्या पेशी तिथे असतात हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवले, आणि त्यासाठी त्यांना मोझर दांपत्यासह २०१४चे नोबेल मिळाले. लंडनचे हजारो रस्ते तोंडपाठ करणाऱ्या टॅक्सीचालकांत या भागाचा मागचा हिस्सा मोठा आढळतो, हे २०००मधल्या अभ्यासात दिसले. पण म्हणून वाटा शोधल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सिद्ध केलेले नाही. तशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. शिवाय फोनचा बाण सांगेल तसे वळत राहिलात तर हा मेंदू स्वस्थच बसणार. आणि हातातल्या पडद्यात डोके घालून चालणारा माणूस गटारात जातो, हे सांगायला नोबेल लागत नाही. शंभर पावले उरली की फोन खिशात टाकावा.

आपल्याकडे हा खेळ जसाच्या तसा आणावा असे मी म्हणणार नाही. बेवारस डबा दिसला की लोक पोलिसांना बोलावतात, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडातल्या वेदरबी नावाच्या अशाच बाजारगावात २०११ साली एका कॅफेबाहेर ठेवलेला खेळाचा डबा लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने उडवून दिला होता. शाळा, बसस्थानके, देवळे, संरक्षित स्मारके इथे काहीही लपवू नका. डबा नकोच. कोडे पुरेसे आहे.

गेल्या हिवाळ्यात राजापूरच्या बाजारपेठेसाठी मी असे एक कोडे कागदावर करून पाहिले. १६६१ साली शिवाजी महाराजांनी जिथली इंग्रजांची वखार लुटली ते हे गाव. पुराच्या पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या जमवून घेणारी त्याची पेठ अजून चालती आहे. दहा ठिकाणे निवडली. अमक्या घाटाच्या पायऱ्या किती, तमक्या जुन्या दुकानाच्या फळ्या किती, या विहिरीच्या रहाटाला दात किती, असे प्रश्न काढले. उत्तरांच्या आकड्यांची बेरीज बरोबर आली की ओळखीच्या दुकानदाराकडून एक चिक्की मिळायची (मधुमेह्यांना शेंगदाणे). ते किराणा दुकानदार नातीला घेऊन तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी त्यांनी स्वतःच नवा कागद करून आणला आणि त्यातले दोन प्रश्न मला सुटले नाहीत. त्यांची साखर किती उतरली ते आत्ताच लिहिण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी व्हायची आहे. पण ते चालत आहेत.

कोणाला असे कोडे करायचे असेल तर काही सूचना. भिंतीच्या फटीत, दगडांच्या ढिगात, बिळात हात घालावा लागेल असा प्रश्न काढू नका. आपल्या कातळावर आणि गडग्यांत फुरसे असते, ते मातीच्या रंगाचे असल्यामुळे दिसत नाही. साप चावला तर बांधणे, कापणे, चोखणे यांत वेळ न घालवता, तो अवयव न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा जो उपचार रूढ केला त्याने कोकणात कितीतरी मुले वाचली आहेत, पण तोही लवकर पोहोचलेल्यालाच उपयोगी. इंग्लंडात गवतातून आल्यावर मुलगी नातवाचे पाय गोचिडांसाठी तपासायची, कारण तिथे त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात २०१६पासून गोचिडांमुळे माकडताप आढळला आहे, तेव्हा रानालगत जाणाऱ्यांनी ही सवय लावून घ्यावी.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला तर कोडे बाजूला ठेवून आधी ती तोंडात टाकावी. छातीत भरून आले तर तिथेच बसावे आणि सोबतच्या माणसाला वाहन आणायला पाठवावे. म्हणून एकट्याने जाऊ नये. ज्यांच्या तळव्यांना मुंग्या येतात किंवा संवेदना कमी आहे त्यांनी चपलेऐवजी मोजे घालून बंद बूट वापरावेत आणि परत आल्यावर दिव्याखाली तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसतील तर आरशात. मधुमेही पायाच्या निगेविषयी सविस्तर पुढच्या आठवड्यात.